छपराची उसनवारी

जगाच्या समुद्री नकाशांवर दारूच्या नावाची एक सामुद्रधुनी आहे. तैवानच्या दक्षिण टोकाखाली आणि फिलिपिन्सच्या अगदी उत्तरेला, बाशी चॅनेल. सिंगापूरकडून जपानला किंवा पॅसिफिक ओलांडून अमेरिकेला निघालेली कितीतरी जहाजं या वाटेनं जातात. मी मरीन इंजिनिअर, माझी हयात इंजिनरूममध्ये गेली. बाशी आली हे आम्हाला वरून कुणी कळवावं लागत नसे. खाली पाय ठरेनासे झाले की समजायचं. 1687 साली विल्यम डँपिअर नावाचा इंग्रज दर्यावर्दी, निम्मा चाचा आणि निम्मा निसर्गाचा अभ्यासक, इथल्या बेटांवर उतरला. बेटकरी लोक उसाचा रस उकळून, त्यात बारीक काळी फळं घालून, रांजणांत आंबवून एक पेय करत. डँपिअरच्या सोबत्यांना ते इतकं मानवलं, की एका बेटाला त्यांनी त्या पेयाचंच नाव देऊन टाकलं. पुढे ते नाव बेटावरून समुद्रावर गेलं. ते बेट आज इव्हुहोस म्हणून ओळखलं जातं आणि सबतांग नावाच्या एका म्युनिसिपालिटीच्या हद्दीत येतं. पेयही अजून गाळतात. आता त्याला पालेक म्हणतात.

सबतांग हे नाव मी ऐकलं ते आमच्या जहाजावरच्या फिटरच्या तोंडून. समुद्रावर पोट भरणाऱ्या कोकणी माणसाचं निम्मं आयुष्य फिलिपिनोंच्या सोबतीत जातं. तो मला 'चीफ' म्हणायचा, मी त्याला 'फिटर'. जहाजावर नावं कमी, हुद्दे जास्त. बाकीची फिलिपिनो मंडळी संध्याकाळी मेसमध्ये कॅराओके लावून गळे मोकळे करायची, आणि हा कोपऱ्यात एका शाळकरी वहीत आकडे मांडत बसायचा. आकडे पैशांचे नव्हते, दिवसांचे होते. आपल्या घरानं गावात कुणाकडे किती दिवस काम केलंय, आणि कोण आपल्याकडे किती दिवस येणं लागतो, याची ती खतावणी होती. "चीफ, छप्पर येतंय," तो म्हणायचा. म्हणजे घराचं गवती छप्पर बदलायची पाळी आली होती, आणि ते बदलायला किती हात उभे राहतील याचा अंदाज तो पर्शियन आखातात बसून घेत होता.

निवृत्त झाल्यावर मी त्याच्या गावाला गेलो, त्याला ती वही कारण झाली.

बातानेस हा फिलिपिन्सचा सगळ्यात लहान प्रांत, जमिनीनं आणि माणसांनीही. बेटं दहा, वस्ती तिनांवरच: बटान, इत्बायात आणि सबतांग. 2020 च्या जनगणनेत अख्ख्या प्रांतात 18,831 माणसं होती. त्यांतली साधारण 1,700 सबतांगमध्ये, सहा बारांगायांत विभागलेली. बारांगाय म्हणजे सरकारी उतरंडीतली सगळ्यात खालची पायरी, आपल्या वाडीला पंचायतीचे अधिकार दिले तर जे होईल ते. सिनाकान आणि मालाकदांग बंदराजवळ, साव्हिदुग आणि चाव्हायान एका अंगाला, नाकानमुआन आणि सुमनांगा दुसऱ्या. सुमनांगामध्ये घरं इतकी खेटून आहेत की बाकीचे बेटकरी तिला थट्टेनं 'छोटं हाँगकाँग' म्हणतात.

म्युनिसिपालिटी म्हटलं की आपल्यापुढे पाणीपट्टीची नोटीस येते. फिलिपिन्समध्ये प्रांताच्या खाली शहर नाहीतर म्युनिसिपालिटी, एवढाच त्याचा अर्थ. ती रानात असली तरी चालते. तिथल्या 1991 च्या स्थानिक शासन संहितेप्रमाणे नवी म्युनिसिपालिटी स्थापायची तर किमान 25 हजार वस्ती आणि 50 चौरस किलोमीटर जमीन लागते. सबतांगची जमीन 40 चौरस किलोमीटरच्या आसपास आणि वस्ती वर सांगितली तेवढी. आज अर्ज केला असता तर दारातूनच परत पाठवलं असतं. आधीपासून होती म्हणून टिकली. त्यामुळे आपल्याकडच्या एखाद्या लहान ग्रामपंचायतीएवढ्या लोकांना इथे निवडून दिलेला मेयर आहे, व्हाइस मेयर आहे, कौन्सिल आहे आणि दर तीन वर्षांनी निवडणूक आहे. देशाच्या करातला जो वाटा म्युनिसिपालिट्यांना मिळतो, त्यातला निम्मा लोकसंख्येवर, पाव जमिनीवर आणि उरलेला पाव सगळ्यांना सारखा वाटतात. असल्या चिमुकल्या गावांना त्या शेवटच्या पावाचा मोठा आधार.

मनिलाहून विमानानं बटान बेटावरच्या बास्कोला यायचं, तिथून जीपनं किंवा ट्रायसिकलनं त्याच बेटाच्या दक्षिणेला इव्हाना गावी. बंदरासमोर एक दुकान आहे, 1995 साली एका निवृत्त शिक्षिकेनं सुरू केलेलं. दुकानात दुकानदार नसतो. आपल्या हातानं कॉफी घ्यायची, बिस्किटं घ्यायची, काय घेतलं ते वहीत लिहायचं आणि पैसे पेटीत टाकायचे. सुटे परत मिळत नाहीत. मनिलाकडचे पर्यटक पेटीसोबत फोटो काढतात आणि माणसाच्या चांगुलपणाबद्दल गहिवरतात. मी ती वही चाळली. कुणी दोन केळी लिहिली होती, कुणी पाण्याची बाटली, कुणी काल कमी पडलेले पैसे आज भरल्याची नोंद. भाबडा विश्वास वही ठेवत नाही, हे माझं मत तिथेच व्हायला लागलं.

इव्हानाहून सबतांगला फालुवा जाते. ही लाकडी मोटरबोट बाकी फिलिपिन्समधल्या बोटींसारखी नाही. इतरत्र बोटीच्या दोन्ही बाजूंना बांबूचे आधार पंखांसारखे पसरलेले असतात. इथल्या समुद्रात ते पहिल्याच लाटेत मोडतील, म्हणून फालुवा गोल बुडाची आणि बिनपंखांची. ती लाटेशी भांडत नाही, लाटेबरोबर वर जाते आणि तिच्याबरोबर खाली येते. पोटातलं सगळं हाच नियम पाळतं. पॅसिफिक आणि दक्षिण चिनी समुद्र यांच्या मधल्या या पट्ट्यात दोन्ही बाजूंनी पाणी येतं, आणि समुद्र बिनसला तर तटरक्षक दल बोटी सोडू देत नाही. मग इव्हानात बसायचं, आज, उद्या, परवा. मुक्काम वाढला म्हणून चिडणारा माणूस तिथे फक्त बाहेरचा असतो.

पलीकडे उतरल्यावर आधी कानावर आला तो डिझेल जनरेटरचा आवाज. बेटाची वीज त्याच्यावरच चालते आणि त्याचं इंधन समुद्रातून येतं. धंद्याची सवय, मी थांबून ऐकलं. मशीन निरोगी होतं.

साव्हिदुग आणि चाव्हायान इथली घरं पाहायला लोक सबतांगला येतात. चुनखडीच्या आणि समुद्रातल्या दगडांच्या भिंती, कुठे कुठे मीटरभर जाड, चुन्यात बांधलेल्या. चुना प्रवाळ भाजून केलेला. ही विद्या स्पॅनिश लोकांबरोबर आली. त्याआधीची घरं लाकडाची आणि गवताची, जमिनीला धरून बसलेली होती. खिडक्या लहान, त्याही तीनच भिंतींना. चौथी भिंत आंधळी, आणि तिचं तोंड सगळ्यात वाईट वारं येतं त्या दिशेला. स्वयंपाकघर वेगळ्या इमारतीत, म्हणजे आग लागली तर एकच छप्पर जातं. गल्ल्या अरुंद, घरं एकमेकांच्या आडोशाला. शेतांनाही उंच झुडपांची कुंपणं आहेत, आणि ती गुरांपेक्षा वाऱ्यासाठी जास्त.

पण घराचा जीव छपरात. कोगोन नावाचं उंच गवत, त्याच्या पेंढ्या एकावर एक, बांबू-बोरूच्या चौकटीवर वेताच्या पट्ट्यांनी आवळून बांधलेल्या. आतून वर पाहिलं की हजारो गाठी दिसतात. मी दोरखंडांच्या जगातला माणूस. एकही गाठ आळशी नव्हती. नीट बांधलेलं छप्पर वीस-पंचवीस वर्षं निघतं, काही त्याहून जास्त. वादळाची वर्दी आली की छपरावर जाड दोरांची जाळी टाकतात, तिला पानपेत म्हणतात, आणि तिची टोकं जमिनीतल्या दगडांना ताणून बांधतात. फिलिपिन्सचं हवामान खातं वादळाला एक ते पाच असे इशारे देतं. इतर प्रांतांत इशारा तीन लागला की धावाधाव होते. इथे जाळी टाकून झाल्यावर माणसं गुरं सोडायला जातात. गुरं बांधून ठेवायची नाहीत, ती आपला आडोसा आपण शोधतात.

चाव्हायानमध्ये सांता रोसा दे लिमाचं चॅपल आहे, त्यालाही हेच गवती छप्पर. बातानेसमध्ये असं चॅपल आता हे एकच उरलं म्हणतात. देवाचं छप्परही गावालाच बदलावं लागतं.

हे छप्पर एका घराच्या हातचं काम नाही, इथून सगळी गोष्ट सुरू होते. गवत योग्य हंगामात, कोरड्या दिवसांत कापायचं. ते डोंगरावरून आणायचं, वाळवायचं, भिजू द्यायचं नाही. जुनं उतरवलं की घर उघडं, आणि आभाळाचा भरवसा नाही, म्हणजे नवं चढवायचं ते थोड्या दिवसांत. त्यासाठी कापणारे, वाहणारे, खालून पेंढ्या फेकणारे, वर बसून बांधणारे, आणि या सगळ्यांना जेवू घालणारे, असा निदान काही डझन माणसांचा ताफा लागतो. पाचसहा माणसांच्या कुटुंबानं हे कुठून आणायचं? शेजाऱ्याकडून. आणि शेजाऱ्याचं छप्पर आलं की आपण जायचं.

इथल्या इव्हातान लोकांत याच्या दोन रीती आहेत. पायुह्वान म्हणजे ठरावीक घरांचा किंवा जवान पोरांचा गट. आज तुझं शेत, उद्या माझं, परवा त्याचं. खणणं, बेणणं, रताळी-कोनफळांची लावणी अशी कामं यात होतात. यारू त्याहून मोठा; त्याला गाव उतरतं. घर उभारणं, छप्पर, रस्ता, बंदराची दुरुस्ती ही यारूची कामं. फिटरनं मला बारकावे सांगितले ते त्याच्या गटाचे. पाळीला जो येणार नाही त्यानं बदली माणूस द्यायचा. बदलीही नसेल तर दिवस खाती चढतो. पोरगं पाठवलं तर तो पूर्ण दिवस धरायचा की अर्धा, हे काम पाहून ठरतं. म्हातारी विधवा असेल तर तिच्याकडून कुणी मोजून घेत नाही, पण तीही रताळी उकडून आणते, आणि ती आणली हे सगळे लक्षात ठेवतात.

मनिलामध्ये कुणालाही विचारा, बातानेसची माणसं म्हणजे देवमाणसं, चोरी नाही, कुलूप नाही, एकमेकांसाठी जीव टाकतात, असं सांगतील. पर्यटन खात्याच्या माहितीपत्रकांतही तोच सूर. मला हे कौतुक अपुरं वाटतं, आणि थोडं अपमानास्पदही. त्यात त्या माणसांची अक्कल वगळली जाते. नुसत्या मायेवर पंचवीस वर्षांचं छप्पर होत नाही. जिथे वर्षातून कितीदा तरी वारं घर मागायला येतं, दुकान समुद्रापार आहे आणि बोट कधी सुटेल ठाऊक नाही, तिथे शेजाऱ्याकडे आपले किती दिवस जमा आहेत यावर माणूस झोपतो. ही काटेकोर उसनवारी आहे, पिढ्यानपिढ्या चाललेली. सचोटी तिच्यातून आली, कारण इथे बुडवणारा माणूस कुठे पळून जाणार? सतराशे माणसांत पळायला जागा नसते.

गावजेवणातही तोच हिशेब. लग्नाला किंवा गावकीच्या कामाला प्रत्येकाच्या वाट्याचं जेवण विलायती फणसाच्या रुंद पानांत बांधून देतात, त्याला व्हुनुंग म्हणतात. आत हळद घातलेला पिवळा भात, स्वतःच्याच चरबीत टिकवलेलं खारं डुकराचं मांस, केळीच्या कांद्याच्या किसाचे गोळे. मेयरचं पुडकं आणि पेंढ्या वाहणाऱ्या पोराचं पुडकं सारखं. खायचं तेवढं तिथे खायचं, उरलेलं घरी न्यायचं. रोजचं खाणं मात्र जमिनीखालचं: कोनफळ, अळूचे कंद, रताळी. वाऱ्याला उपटता येत नाही ते पीक. अळूचे देठ वाळवून ठेवतात, वादळात समुद्र बंद पडला की ते मांसाबरोबर शिजतात. पालेक उघडला की आधी थोडा जमिनीवर सांडतात, आन्यितूंसाठी, म्हणजे पितरांसाठी आणि त्या जागेत वसणाऱ्या आत्म्यांसाठी. त्याच घरातल्या भिंतीवर येशू आणि संत व्हिन्सेंट फेरर असतात. सबतांगचं चर्च त्याच संताचं. कुणाला यात काही खटकत नाही, मला तर मुळीच नाही.

शेतात जाणाऱ्या बाया डोक्यावरून पाठीपर्यंत उतरणारं एक केसाळ आच्छादन घालतात. ते व्हाकुल. लावणीच्या शेतात वाकलेल्या आपल्याकडच्या बायकांच्या पाठीवर इरलं असायचं, तसलंच काम करणारी वस्तू. फक्त इरलं बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं, आणि व्हाकुल व्होयाव्होय नावाच्या शिंदीच्या जातीतल्या झाडाच्या पानांचं. पानं ठेचून, त्यांचे धागे मोकळे करून, ते ओळीनं गुंफतात. पाऊस वरून ओघळतो, ऊन आत येत नाही, आणि हात मोकळे राहतात. पुरुषांना त्याच धाग्यांची बंडी असते. चाव्हायानमध्ये विणकर बायांची संघटना आहे. एका आजीनं मला धागा ओढून पाहायला दिला. तिची नजर माझ्या हाताकडे होती, मी किती जोर लावतो ते पाहत होती. धागा तुटला नाही, आणि ती हसली ते धाग्यावर खूश होऊन.

सबतांगचा जुना इतिहास गावांच्या मागच्या टेकड्यांवर आहे. स्पॅनिश येण्याआधी लोक इजांगमध्ये राहत, म्हणजे नैसर्गिक कातळकिल्ल्यांत. डँपिअरनं असली वस्ती पाहिली होती: उतारावर एकावर एक घरांच्या ओळी आणि एका ओळीवरून दुसरीवर जायला लाकडी शिड्या. शिड्या वर ओढल्या की किल्ला बंद. साव्हिदुगजवळचा इजांग रस्त्यावरूनच दिसतो, हिरव्या मैदानात अचानक उभा राहिलेला, कडा तासून सरळ केलेला. त्याच भागातल्या वाळूच्या टेकाडांत पुरातत्त्वज्ञांना रांजणांत पुरलेली माणसं सापडली. इव्हुहोसवर तर थडगी होडीच्या आकाराची आहेत, दगडांनी नाळ आणि वरवंडी काढून दाखवलेली. मेल्यावरही बोट लागते, ही समजूत खलाशाला समजावून सांगावी लागत नाही.

1783 साली गव्हर्नर होसे बास्को यानं ही बेटं स्पेनच्या राज्याला जोडली आणि लोकांना इजांगमधून खाली सपाटीवर उतरवण्याचं काम सुरू झालं. सरकारी माणसं लाकूड आणि धान्य उचलून नेत आणि मोबदला देत नसत. 1791 मध्ये सबतांगचा पुढारी आमान दांगात यानं जाब विचारला, पुढे त्याच्या माणसांनी सरकारी माणसं मारली. त्याला पकडून फाशी दिलं आणि सबतांगचे लोक उचलून समोरच्या बटान बेटावर, इव्हानाजवळ नेऊन बसवले. बेट ओस पडलं. काही दशकांनी लोक परतले, आणि आजची गावं त्या परतलेल्यांची आहेत. गावात दांगातचं स्मारक आहे. देणं न देता उचलून नेणाऱ्याविरुद्ध उठलेला माणूस या गावाचा वीरपुरुष व्हावा, यात मला नवल वाटलं नाही.

हा इतिहास ज्यानं नीट लिहून ठेवला तोही इथलाच. फ्लोरेंतिनो होर्नेदो यांचा जन्म 1938 सालचा, साव्हिदुगमधला. मनिलात प्राध्यापकी केली आणि आयुष्यभर इव्हातान लोकांच्या लाजी गोळा केल्या. लाजी म्हणजे म्हातारी माणसं पालेकच्या बैठकीत गातात ती गाणी. मला एका संध्याकाळी ऐकायला मिळाली. सूर लांबच लांब, मध्येच श्वास संपल्यासारखा थांबणारा. तरुण पोरं तेवढ्या वेळात फोन खाली ठेवून बसली होती; पुढची ओळ येत मात्र त्यांच्यातल्या एकालाही नव्हती.

समुद्राचेही असेच करार आहेत. शेजारच्या बटान बेटावर महातावच्या कोळ्यांत मार्च ते मे हा आरायूचा हंगाम. आरायू म्हणजे डोराडो, सोनेरी-हिरवा मोठा मासा. मताव म्हणवणारे हे कोळी आधी उडता मासा गळाला लावतात आणि तो जिवंत आमिष म्हणून वापरून आरायू धरतात. हंगामाआधी बंदर 'उघडायचा' विधी होतो, डुक्कर कापून त्याच्या आतड्यांवरून शकुन पाहतात, आणि मग हंगाम संपेपर्यंत त्या बंदराचे नियम सगळ्यांना लागू. कुणी किती मासे आणले हे किनाऱ्यावर सगळ्यांदेखत दिसतं. मासे चिरून उन्हात टांगतात. ती वर्षाची बेगमी. सबतांगमध्ये तर मासेमारीचं शिक्षण देणारी सरकारी माध्यमिक शाळाच आहे. तिथून निघालेली पोरं समुद्रावर जातात, पण आता बहुतेक गळ घेऊन नाही, माझ्या फिटरसारखी कंत्राट घेऊन.

इथे ती वही अडखळते.

फिलिपिनो खलाशाच्या सरकारमान्य कंत्राटात अट असते, की मूळ पगाराचा किमान 80 टक्के भाग दरमहा थेट घरी जाईल. जहाजावरच्या दारू-जुगारापासून बायकामुलांना वाचवणारा हा नियम मला नेहमी शहाणपणाचा वाटत आला. पण हाच पैसा सबतांगच्या छपरावर उतरला तो पत्र्याच्या रूपानं. पत्रा बोटीनं येतो, चार माणसं दोन दिवसांत ठोकून देतात आणि मजुरी घेऊन जातात. कुणाचे दिवस उसने नाहीत, कुणाचे फेडायचे नाहीत. एका घरानं पत्रा घातला की गटातली एक पाळी संपते. अशा पाचसहा संपल्या की राहिलेल्या गवती छपराला हात कमी पडतात, आणि मग त्यालाही पत्रा घालावा लागतो. बातानेसचा प्रदेश 1993 पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आहे, 2000 सालचा खास संरक्षण कायदाही आहे. पाहुण्यांना गवती छपरं हवी असतात, सरकारला हवी असतात. ती बांधायला मात्र दोघांपैकी कुणी येत नाही. पत्रा घालणाऱ्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. मीही वडिलांचं कौलारू घर उतरवून स्लॅब घातलाय आणि उन्हाळ्यात त्याखाली उकडून निघतो.

दगडी भिंतींचीही दुसरी बाजू आहे. 2019 च्या जुलैत इत्बायात बेटावर पहाटे आणि सकाळी असे दोन भूकंप झाले, नऊ माणसं गेली, आणि बरीचशी हानी अशाच जुन्या दगडी घरांत झाली. वाऱ्यासमोर पाय रोवून उभी राहणारी भिंत जमीन हलल्यावर माणसाच्या अंगावर येते. 2024 च्या सप्टेंबरअखेरीस ज्युलियन नावाचं वादळ बातानेसवरून गेलं, त्यात पत्रेही उडाले आणि गवतही. त्यानंतर कुठली घरं बरी टिकली यावर बेटावर दोन पक्ष आहेत. दोघांकडे उदाहरणं भरपूर.

फिटरचं घर मी पाहिलं. पुढच्या मोठ्या घरावर पत्रा, मागच्या स्वयंपाकघरावर अजून कोगोन. हे सौंदर्यदृष्टीनं ठेवलेलं नव्हतं. पूर्ण पत्रा घातला तर गटातून नाव जाईल, आणि मग शेताच्या पाळीला तरी कोण येणार, हा त्याच्या आईचा मुद्दा. नऊ-नऊ महिने समुद्रावर असलेल्या मुलाच्या बदली आधी धाकटा भाऊ जायचा. तो मनिलाला कामाला गेल्यावर फिटरनं पैसे देऊन माणूस पाठवायला सुरुवात केली. आता वाद असा, की मजुरी देऊन पाठवलेल्या माणसाचा दिवस हा आपला दिवस धरायचा का? फिटर म्हणतो, हात तेवढेच, गवत तेवढंच, काम झालं ना? आई म्हणते, त्या मजुराचं स्वतःचं छप्पर येईल तेव्हा तू जाणार आहेस का? नसशील तर दिवस बाजारातून आणलेला आहे, त्याची फेड बाजारात. गटातल्या काहींनी शेतकामाला असा दिवस मान्य केलाय, छपराला नाही. माझं मत विचारलं गेलं. मी पाहुणा, म्हटलं दोघांचंही बरोबर आहे. आईंनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं जहाजावरच्या कुठल्याही कप्तानानं कधी पाहिलं नव्हतं.

अलीकडे बातानेसचं नाव मराठी वर्तमानपत्रांतही दिसलं, ते तैवानच्या शेजारामुळे. अमेरिका आणि फिलिपिन्सचा 'बालिकातान' हा संयुक्त युद्धसराव या बेटांपर्यंत पोहोचलाय. सबतांगमध्ये त्याबद्दल बोलणारे भेटले, पण त्यांचा जास्त वेळ लसणाच्या भावावर गेला.

जायचं असेल तर मार्च ते मे बरा. समुद्र त्यातल्या त्यात शहाणा असतो. परतीचं विमान आणि सबतांगचा मुक्काम यांत मोकळे दिवस ठेवावेत. पेसो रोख न्यावेत, लहान नोटांत. उतरल्यावर पर्यटन कचेरीत नाव नोंदवावं लागतं. नारळी खेकडा, तातुस, कुणी ताटात देऊ केला तेव्हा मी नको म्हणालो. तो वाढायला फार वर्षं घेतो आणि आता विरळ झालाय. चाव्हायानमध्ये व्हाकुल डोक्यावर घेऊन फोटो काढायचा तर विणकर बायांना थोडे पैसे द्यायचे असतात. रक्कम किरकोळ आहे, घासाघीस करू नये.